दोनशे साठावं अक्षर

एकतीसपैकी सत्तावीस. हा आकडा मी एका बुधवारी दुपारी तक्त्यात लिहिला, दोनदा तपासला आणि मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवला. आकड्यात चूक नव्हती. आजही ते कागद काढून मोजले तर सत्तावीसच भरतील.

आमचं ऑफिस सीताबर्डीला, व्हरायटी चौकापासून चालत सहा मिनिटांवर, कापडाच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आहे. कोड लिहिणारे आम्ही आठ जण, शिवाय मालक आणि एक क्लार्क. धान खरेदी करणाऱ्या एका संस्थेच्या सहा केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. केंद्रावर धानाचं पोतं काट्यावर चढलं की ते वजन केंद्रातल्या सर्व्हरवर नोंदलं गेलं पाहिजे. एकदाच, आणि बरोबर. ही नोंद घेणाऱ्या भागाला आम्ही मॉड्यूल म्हणतो. ते लिहिण्याचं काम त्या वर्षी एका बाईंकडे होतं.

बाई चाळिशीच्या आसपासच्या, माझ्याहून सात वर्षांनी लहान. माहेर उमरेडचं, वडिलांचा हातमाग होता. लग्नाआधी आणि नंतर काही वर्षं नोकरी केली, मग नऊ वर्षं घरी होत्या. आमच्याकडे त्यांना चार महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं होतं. ते चार महिने त्या आठवड्याच्या शनिवारी संपत होते. माझा तक्ता पाहून मालक त्यांना ठेवायचं की नाही ते ठरवणार होता.

थोडा कोड मीही लिहितो, पण माझं मुख्य काम शेवटच्या तपासणीचं. ऑफिसात सगळे लिनक्सवर कोड लिहितात, पण केंद्रांवरचे सर्व्हर विंडोजचे. त्यामुळे माझ्या टेबलाशेजारी एक विंडोज मशीन आहे. कुणीही काही लिहिलं की ते मी त्या मशीनवर आणतो, त्याचं बिल्ड करतो, म्हणजे तो कोड त्या मशीनवर चालेल अशा रूपात तयार करतो, आणि मग त्याच्या टेस्ट चालवतो. टेस्ट म्हणजे आधीच लिहून ठेवलेले प्रश्न: बारा पोती काट्यावर ठेवली तर नोंदी बारा होतात का, मध्येच वीज गेली तर काय होतं, असे. सगळ्या टेस्ट पास झाल्या तरच मॉड्यूल केंद्रावर जातं. कोणाचं पास झालं, कोणाचं फेल, याचा तक्ता मी दर आठवड्याला करतो आणि तो आठही जणांना मेलवर जातो.

बाई आल्या त्याच सुमारास मी एक नियम केला होता. त्याआधी एकदा अर्जुनी मोरगावच्या केंद्रावर चुकीचं बिल्ड गेलं. कुणी कुठल्या फोल्डरमधून काय उचललं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी चिठ्ठ्यांवरून हाताने पुन्हा भराव्या लागल्या आणि ते काम मी स्वतः तिथे बसून केलं. परत आल्यावर ठरवलं की यापुढे प्रत्येक बिल्डचा स्वतंत्र फोल्डर करायचा आणि फोल्डरवरूनच सगळं कळलं पाहिजे. संस्था, मॉड्यूल, केंद्र, तारीख, वेळ, आणि ज्याने कोड दिला त्याचं ऑफिसच्या रेकॉर्डमध्ये आहे तसं पूर्ण नाव. फेल होऊन परत आलेलं असेल तर शेवटी ‘फेरतपासणी’ असा शेरा. हे सगळं रोमन अक्षरांत, मध्ये आडव्या रेघा देऊन. मालकाला नियम आवडला. त्यानंतर चुकीचं बिल्ड एकदाही गेलं नाही.

बाईंचं रेकॉर्डमधलं नाव मोठं होतं. त्यांची सगळी प्रमाणपत्रं माहेरच्या नावाची, आधार आणि बँक सासरच्या नावाची, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं. आमच्या क्लार्कने दोन्हींचा मेळ बसावा म्हणून माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, मग ऊर्फ, मग सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव असं सगळं चढवलं. पहिल्यांदा फोल्डर केला तेव्हा त्या माझ्या मागे उभ्या होत्या.

“एवढं नाव काहून लिहून राहिले सर? मले सगळे एकाच नावानं हाका मारतात.”

“रेकॉर्डवर आहे तेच लिहायचं, मॅडम. नियम सगळ्यांना सारखा.”

मी एंटर दाबलं आणि त्या आपल्या टेबलाकडे गेल्या.

त्यांचं पहिलं काम पहिल्या दिवशी फेल झालं. यात विशेष काही नव्हतं. नव्या माणसाचं होतंच. पण दुसरं फेल झालं, तिसरं झालं. अपेक्षित नोंदी बारा, मिळाल्या शून्य. अपेक्षित चाळीस, मिळाल्या शून्य. कधी तेवीस टेस्ट फेल व्हायच्या, कधी सतरा. त्या दुरुस्त करून आणत आणि फेरतपासणीला देत, तर टेस्ट राहिल्या बाजूला, बिल्डच मध्ये थांबायचं. म्हणजे दुरुस्तीनंतर काम आणखी बिघडत होतं. मी तसंच लिहीत गेलो. कुहीच्या केंद्रासाठी दिलेलं मात्र चारही वेळा पास झालं. मी त्याचा अर्थ असा लावला की कुहीचं काम सोपं असावं. सहाही केंद्रांचं काम एकच आहे हे मला माहीत होतं, तरी तो अर्थ मी लावला.

“माझ्या लॅपटॉपवर सगळं पास होते सर,” त्या म्हणाल्या होत्या.

“तो लिनक्स आहे.”

पुढच्या सोमवारी त्या येऊन म्हणाल्या, “दिराचा विंडोजचा लॅपटॉप मागून पाहिलं. त्यावरही पास झालं.”

“केंद्रावर तुमच्या दिरांचा लॅपटॉप जाणार नाही, मॅडम.”

मी हे वाक्य चिडून म्हटलं नव्हतं. मला ते बरोबर वाटत होतं. पलीकडच्या टेबलावरचे दोघे हसले. दोघांत मोठ्याने बोलणाऱ्याची एक ठरलेली थट्टा होती. बाई आपल्या टेस्टना लांबलचक नावं देत. ‘काटा बंद पडून पुन्हा सुरू झाला तर नोंद दुप्पट होऊ नये’ अशा अर्थाचं अख्खं वाक्यच. तो म्हणायचा, “ताई, टेस्ट लिहून राहिल्या का कादंबरी?” बाई म्हणायच्या, “वाचलं की कळते ना भाऊ, काय मोडलं ते. तुमची टेस्ट एक, टेस्ट दोन, टेस्ट तीन. मोडली तर तुमालेच विचारा लागते.” पहिले दोन महिने त्या अशी उत्तरं देत. नंतर देईनाशा झाल्या.

बुधवारी मी तक्ता दिला. एकतीस वेळा काम दिलं, सत्तावीस वेळा फेल. त्यात अठरा वेळा टेस्टमध्ये, नऊ वेळा बिल्डमध्ये. मालकाने कागद पाहिला आणि चष्मा काढला. तो आणि मी पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो, त्यामुळे एकटे असलो की आमच्यात साहेब वगैरे नसतं.

“बाई मेहनती आहे गा,” तो म्हणाला. “पण हे तर लईच झालं.”

“आकडा आहे तो आहे.”

“कारण काय निघते?”

“विंडोजचं काम जमत नसावं.”

‘नसावं’ हा शब्द मी वापरला, कारण मी कारण शोधलं नव्हतं. मोजलं होतं फक्त.

गुरुवारी बाई सुट्टीवर होत्या. शनिवारी निर्णय आहे हे त्यांना ठाऊक होतं. माझ्याकडे दुपारी काम कमी होतं. त्या जाणारच तर निदान एक कारण तरी कागदावर असावं, नुसता आकडा बरा दिसत नाही, म्हणून मी त्यांचा बुधवारचाच कोड उघडला. तो अर्जुनी मोरगावसाठी होता आणि त्याच्या एकशे शहाऐंशी टेस्टपैकी तेवीस फेल झाल्या होत्या. नोंदी शून्य का येतात ते पाहायला मध्ये मध्ये चार ओळी घालायच्या होत्या, म्हणजे कोड कुठवर जातो ते पडद्यावर दिसेल. आता मी कोडला हात लावणार, तर माझ्या नियमाप्रमाणे फोल्डर माझ्या नावाचा हवा. मी तसा केला, कोड त्यात उतरवला, चार ओळी घातल्या आणि बिल्ड लावलं.

एकशे शहाऐंशीपैकी एकशे शहाऐंशी पास.

माझ्या चार ओळींनीच काहीतरी बदललं असेल असं वाटलं. त्या काढल्या. पुन्हा सगळ्या पास. मग त्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन तोच कोड चालवला. तेवीस फेल. परत माझ्या फोल्डरमध्ये, पास. असं मी तीन-तीन वेळा केलं. एका बिल्डला आणि टेस्टला मिळून चौदा मिनिटं लागतात, म्हणजे त्यातच दुपार गेली. मध्ये चहा आला तो तसाच गार झाला. कोड एक, मशीन एक, फरक फक्त फोल्डरच्या नावाचा, आणि त्यांचं नाव माझ्यापेक्षा खूप लांब.

फेल झालेल्या तेवीस टेस्टची नावं मी छापून घेतली आणि पेनाने अक्षरं मोजायला बसलो. सगळ्यात लहान नाव एकेचाळीस अक्षरांचं निघालं. मग पास झालेल्या एकशे त्रेसष्ट टेस्टची यादी छापली. त्यात सगळ्यात लांब नाव चाळीस अक्षरांचं. चाळीसपर्यंत एकही फेल नाही, एकेचाळीसपासून पुढे एकही पास नाही.

यानंतर शोधायला काही उरलं नव्हतं, तरी मी ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटच्या अक्षरापर्यंत, मधलं फोल्डरचं आणि टेस्टचं नाव धरून, पूर्ण पत्ता मोजला. एकेचाळीस अक्षरांच्या टेस्टसाठी तो दोनशे साठ भरत होता. विंडोजमध्ये फाइलच्या पत्त्याला जुनी मर्यादा आहे: दोनशे एकोणसाठ अक्षरं चालतात, दोनशे साठावं चालत नाही. नव्या विंडोजवर ही मर्यादा उठवता येते, पण कोड बांधायचं आमचं एक साधन जुनं आहे आणि ते जुन्याच मर्यादेत चालतं. प्रत्येक टेस्ट चालताना स्वतःच्या नावाचा फोल्डर करते, त्यात नमुन्याच्या नोंदी लिहिते आणि मग त्या वाचते. पत्ता लांब झाला की नमुन्याची फाइल तयारच होत नव्हती. फाइल नाही, म्हणून नोंदी शून्य. ती फाइल लिहिणारं फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, फाइल झाली नाही तर तक्रार करत नाही, गप्प बसतं. ते फंक्शन अकरा वर्षांपूर्वी मी लिहिलेलं आहे.

बाकी सगळं आपोआप जुळत गेलं. बाईंचं रेकॉर्डमधलं नाव रेघा धरून अठ्ठावन्न अक्षरांचं. माझं एकोणीस. ऑफिसात त्यांच्या खालोखाल लांब नाव अठ्ठावीस अक्षरांचं. अर्जुनी मोरगावला रेघ धरून चौदा अक्षरं लागतात, कुहीला चार. ती दहा अक्षरं वाचली की त्यांची सगळ्यात लांब टेस्ट, एकोणपन्नास अक्षरांची, जेमतेम मर्यादेत बसायची. म्हणून कुहीचं पास होत होतं. आणि फेरतपासणी हा माझा शेरा रोमन अक्षरांत रेघेसकट अकरा जागा खातो. तो लागला की बिल्डच्या स्वतःच्या फाइलीसुद्धा मर्यादेबाहेर जात. म्हणून दुरुस्तीनंतर काम जास्त बिघडलेलं दिसायचं.

ही मर्यादा मला माहीत नव्हती असं नाही. वीस वर्षांपासून माहीत आहे. नव्या मुलांना मीच सांगतो.

मी उठून मालकाकडे गेलो. तो बाहेर गेला होता, संध्याकाळी परत येणार नव्हता. तक्ता त्याच्या टेबलावर तसाच होता, त्यावर पेपरवेट. तो उचलून आणण्याचा विचार मनात आला. पण एकदा दिलेला कागद न सांगता परत घ्यायचा नाही, म्हणून तसाच ठेवला.

नंदनवनला घरी पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवते, कॉम्प्युटरचं तिला फार कळत नाही, पण गोष्ट तिला माझ्यापेक्षा लवकर कळली.

“म्हणजे नवऱ्याचं आणि बापाचं, दोन्ही नावं उचलून फिरते म्हणून ती नापास,” ती म्हणाली.

“नावाच्या लांबीमुळे.”

“तेच म्हणून राहिली मी. माझी पीएफची फाइल दोन वर्षं काहून अडकली होती? मार्कशीटवर एक नाव, सर्व्हिस बुकावर दुसरं. तुमचं नाव पाळण्यात ठेवलं ते अजून तेच आहे. तुमाले कसं सुचन?” मग तिने विचारलं, “तिले सांगितलं का?”

“उद्या सांगतो. आधी सत्तावीसच्या सत्तावीस पुन्हा चालवून पाहतो. अर्धवट सांगणं बरं नाही.”

“फोन नाही का तुमच्याकडे?”

“आहे. पण सगळे आकडे हातात—”

“अहो, आज ती घरी बसून काय करून राहिली असन? आकडे उद्याही मिळतीन.”

मी ताट ठेवून हात धुतले आणि फोन केला. बाईंनी लगेच उचलला. मी जसं घडलं तसं क्रमाने सांगितलं. मागे कुणीतरी पाण्याची मोटर बंद करा म्हणून ओरडत होतं.

“म्हणजे कोडमध्ये काही नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“कालच्या कोडमध्ये काही नव्हतं. बाकीचं उद्या तपासतो.”

“मी घरी नोकरी सुटली म्हणून सांगून टाकलं होतं सर. शनिवारी साहेबांनी सांगायच्या आधी आपणच सांगून मोकळं व्हायचं. सासूबाईंनी तर पापडाचं पीठ दळून आणलं, आता सून घरीच राहणार म्हणून.”

मी म्हटलं, उद्या नऊला येतो.

शुक्रवारी नऊला पोचलो तर त्या जिन्यात उभ्या होत्या. किल्ली माझ्याकडे असते. ड्राइव्हवर एक छोटा फोल्डर केला, नाव फक्त एक अक्षर, आणि पहिल्यापासून एकेक काम त्यात उतरवून चालवायला लागलो. सत्तावीस गुणिले चौदा म्हणजे तीनशे अठ्ठ्याहत्तर मिनिटं, सहा तास अठरा मिनिटं. त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. निकाल मी सांगायचो, त्या वहीत लिहायच्या. पहिलं पास. दुसरं पास. सातव्यानंतर त्यांनी विचारलं.

“सर, एक विचारू? चार महिन्यांत तुम्ही एकदाही माझा कोड उघडून काहून नाही पाहिला?”

“तपासणीचं काम माझं. कोडचं तुमचं.”

“आमच्या घरी मागावर तार तुटली तर माझे बाबा आधी वाकून पाहत, कुठं तुटली. मग ज्यानं विणलं त्याले बोलत.”

“बरोबर आहे.”

“बरोबर आहे ते मलेही माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “मी विचारून राहिली, काहून नाही पाहिला.”

मी खरं ते सांगितलं. आकडा इतका मोठा होता की तोच कारण वाटायला लागला. दहा वेळा फेल झाल्यावर अकराव्या वेळी मला काही शोधायचंच नव्हतं, लिहायचं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचं चालवा म्हणाल्या.

बाविसावं काम फेल झालं. छोट्या फोल्डरमध्येही फेल. मी पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. त्यांनी कोड पाहिला आणि दोन मिनिटांत बोट ठेवलं. नोंद लिहिण्याची जागा त्यांनी तिसऱ्या महिन्यात बदलली होती. आधीची बरोबर होती, पण शून्य येतात म्हणून त्यांना ती चुकीची वाटली. तिच्या जागी नवी घातली आणि ती खरोखर चुकली. पुढे आणखी दोन कामं तशीच निघाली. तिन्ही वेळा, जे मोडलंच नव्हतं ते दुरुस्त करताना मोडलं होतं. तक्त्यात मात्र त्या तीन खऱ्या चुका त्यांच्याच नावावर जाणार होत्या. मी विचारलं, हे कसं लिहू? त्या म्हणाल्या, “तीन म्हणून लिहा. केल्या तर केल्या.”

पावणेचारला काम संपलं. चोवीस पास, तीन फेल. म्हणजे मूळचे चार पास धरून एकतीसपैकी तीन फेल. मी नवा तक्ता केला आणि खाली बाकी सात जणांचेही आकडे घेतले, कारण एकट्या आकड्याला अर्थ नसतो हे मला आदल्या दिवशी कळलं होतं. माझ्या स्वतःच्या नावावर एकोणतीसपैकी पाच फेल होते. ते पाचही छोट्या फोल्डरमध्ये चालवून पाहिले. पाचही खरे होते.

शनिवारी सकाळी अकराला मालकाकडे दोन्ही तक्ते घेऊन गेलो. त्याने मला दारातच पाहिलं.

“काय गा, काल दिवसभर मशीन अडवून बसला होता म्हणे. काय झालं?”

मी सांगितलं. शेवटी त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

“म्हणजे चार महिने तू बाईचं नाव मोजून राहिला होता. काम नाही.”

“हो.”

“आणि तो फोल्डरचा नियम तुझाच.”

“माझाच. आणि गप्प बसणारं ते फंक्शनही माझंच.”

“हे पाहा, तुझा आकडा बाईपेक्षा खराब आहे.”

“आहे.”

“मग आज कोणाले काढू? तुले काढू का?” तो हसत होता, पण पूर्ण नाही. “चार महिने अर्जुनीवाले माझ्या डोक्यावर बसून होते गा, मॉड्यूल कुठं आहे म्हणून. मी त्यांले काय सांगितलं, माहीत आहे? नवीन बाई आहे, शिकून राहिली.”

“ते त्यांना मी सांगतो.”

“तू नको सांगू. तू सांगितलं की दोनशे साठ अक्षरं मोजून दाखवशील. मी सांगतो.”

मग तो म्हणाला की प्रोबेशन तीन महिने वाढवू, म्हणजे नीट पाहता येईल. मी म्हटलं, पाहायचं ते झालं आहे. एकतीस कामं आहेत, आणखी तीन महिन्यांत होतील वीस. ज्या आकड्यावर तू तिला काढणार होतास, तो दुरुस्त झाल्यावर त्याच आकड्यावर ठेवायला काय हरकत आहे? त्याने पुन्हा दोन्ही कागद पाहिले आणि बाईंना बोलावलं.

त्या आल्या आणि उभ्याच राहिल्या. मालकाने सांगितलं की नोकरी पक्की, पत्र सोमवारी मिळेल. झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटलं असंही म्हणाला, आणि हे त्याच्या तोंडून मी फार थोड्या वेळा ऐकलं आहे. बाई म्हणाल्या, “मले एक पाहिजे साहेब. सतरा आठवडे सतरा तक्ते सगळ्यांच्या मेलवर गेले. ते दुरुस्त होऊन पुन्हा सगळ्यांच्या मेलवर जावे.”

“सतरा?” मालक माझ्याकडे पाहून म्हणाला. “एकच एकत्र नाही चालणार?”

“सतरा गेले होते,” बाई म्हणाल्या.

मी सतरा पाठवले. प्रत्येकाच्या वर दोन ओळींत, जुना आकडा काय होता आणि तो का चुकीचा होता, हे लिहिलं. सोमवारी पलीकडच्या टेबलावरच्याने बाईंना विचारलं, “ताई, आता तरी टेस्टची नावं छोटी करसान का?” त्या म्हणाल्या, “तुमची मोठी करा भाऊ, जागा झाली आता.” तो हसला, त्याही थोड्या हसल्या.

फोल्डरवर आता कुणाचंच नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, बाकीचा तपशील त्या क्रमांकापुढे वहीत. ते गप्प बसणारं फंक्शन मी बदललं; फाइल झाली नाही तर ते आता तिथेच थांबतं आणि पत्त्याची लांबी छापतं. अर्जुनी मोरगावसाठी कुठला कोड पाठवायचा हे मी बाईंना विचारलं. त्यांनी पहिल्या महिन्यातलं दुसरं काम उघडलं, त्याच्यापुढची तीन महिन्यांची दुरुस्ती बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, हेच पाठवा. ते गेलं, आणि अजून तेच तिथे चालू आहे.

त्या आमच्याकडेच आहेत. काम चांगलं करतात. माझ्याशी बोलणं नीट, गरजेपुरतं. फक्त बाकीचे सहा जण आपला कोड मला मेलवर देतात आणि निकालाची वाट पाहतात. त्या देत नाहीत. त्या स्वतः येऊन माझ्या टेबलाशी उभ्या राहतात. मी खुर्चीवरून उठतो, त्या बसतात, स्वतःच बिल्ड लावतात आणि चौदा मिनिटं पडद्याकडे पाहत बसतात. तेवढा वेळ मी खिडकीशी उभा राहतो. एकदा म्हटलं, मॅडम, मी चालवून ठेवतो की. त्या वळल्या नाहीत. “राहू द्या सर,” म्हणाल्या, “आताच झालं सुरू.”